नुयारक

सकाळच्या गाडीआधी तार यायची दारव्ह्याला.
पुराणिकबाबू यंत्राला कान लावून बसत,
पेन्सिल जिभेवर ओली करत,
चिठ्ठी माझ्या मुठीत कोंबत, म्हणत, पळ.

मी पळायचो. नऊ वर्षांचा, अनवाणी,
रुळांशेजारच्या तरोट्यातून,
मुठीत घामानं ओला होत जाणारा एक आकडा.
महिन्याला सव्वा रुपया,
आणि मुंशी खुशीत असले तर गुळाचा खडा.

जिनच्या फाटकाशी काळा फळा होता.
मुंशी अजमतअली वर लिहायचे, न्यूयॉर्क.
खाली माझ्या मुठीतला आकडा.
मग दोन रेघा, कशाला कोण जाणे.

हजेरीला उभ्या बायांना फळा वाचता येत नव्हता.
त्या मुंशींचं तोंड वाचायच्या.
"आज नुयारक कसा हाये जी?"
तानी विचारायची, पदर कमरेला खोचत.
"खाली."
"काहून? रातच्यान जेवला नाई काय?"
सगळी रांग खिदळायची.

त्यांच्या लेखी नुयारक हा माणूस होता,
बडनेऱ्याच्या पलीकडे कुठंतरी राहणारा,
दोन बायकांचा दादला, पित्ताचा रोगी.
"माह्या भासऱ्यावानी असन," गुंफा म्हणायची,
"भाजीत मीठ जास्त झालं का
सारं घर उपाशी."

दिवसभर रेचे चालायचे.
सरकी एकीकडे, रुई एकीकडे,
मधली धूळ बायांच्या छातीत.
दुपारच्या भोंग्याला बाहेर यायच्या
तर भुवयासुद्धा पांढऱ्या.
पंचविशीतली तानी सत्तरीची दिसायची,
मग हौदावर तोंड धुऊन
पुन्हा पंचविशीची व्हायची
आणि फडक्यातून अंबाडीची भाजी सोडायची.

त्या साली, दिवाळी तोंडावर आलेली,
बाबूंनी एक चिठ्ठी लिहून फाडली.
पलीकडं पुन्हा विचारलं. पुन्हा लिहिली.
मुंशींनी फळ्यावर आकडा काढला,
पुसला, चष्मा पुसला,
तोच आकडा पुन्हा काढला.
त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही.
रेघा मारायच्या राहिल्या.

शिमग्यापर्यंत तीन आण्यांचे दोन झाले,
चोवीसातले अकरा रेचे तरटानं झाकले.
बाकी होतं तसंच होतं.
गुंफाच्या पोरीला गोवर आला नि गेला,
तानीनं घासलेटच्या रिकाम्या डब्याला
कडी लावून घेतली, पाण्यासाठी.

मग अमेरिकेहून पट्ट्यांचं खोकं आलं.
आत चुरगळलेले पेपर कोंबलेले.
बाया ते घरी न्यायच्या, खळीनं भिंतीला लावायच्या.
तानीनं एक कागद मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ केला.
फोटो होता.
भिंतीला लागून माणसांची रांग,
हॅटा, लांब कोट, खाली घातलेल्या माना,
आणि कोपऱ्यावरून वळून आणखी माणसं.

"हे कोन हायत जी?"
मुंशींनी ओठ हलवत अक्षरं जुळवली.
"न्यूयॉर्कचे लोक.
फुकटच्या भाकरीसाठी उभे."

तानीनं बोट ठेवत टोप्या मोजल्या,
विसापर्यंत, मग पुन्हा एकापासून.
"इतके हायत होय नुयारक," ती म्हणाली.
"मले वाटे एकटाच हाये."
गुंफा खांद्यावरून वाकली.
"बाई एकबी नाई दिसत रांगेत."
"घरी असतीन. चूल पेटवून."

दुसऱ्या दिवशी मी धापा टाकत आलो,
मुंशींनी खडू उचलला,
आणि रांगेतून तानीचा आवाज,
"जेवले काय जी ते लोक?"

कोणी हसलं नाही.
मुंशी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहत राहिले.
तसं काही त्यात नव्हतं.
मी रस्त्यात उघडून बघितली होती.
नुसता आकडा.